बेलमची गुहा पाऊण तासात उरकू नका

महोदय,

सुट्ट्या जवळ आल्या की पर्यटन पुरवण्यांमध्ये आंध्रातल्या गुहांवर मजकूर येऊ लागतो. आपल्याही पुरवणीत अलीकडे आला. छायाचित्रे देखणी होती, मात्र सगळी लाल-निळ्या दिव्यांतली. आत काय बघायचे, ते तसे का झाले, कुठे दम लागतो आणि का लागतो, याचा मात्र पत्ता नव्हता. यंदाही सहलींच्या बस भरतील आणि पाऊण तासात ‘पॉइंट’ उरकून पुढे निघतील. त्यातल्या काहींना तरी उपयोग व्हावा म्हणून हे पत्र. जरा लांबले आहे, सांभाळून घ्यावे.

गुहा म्हटले की आपल्याला कार्ले, भाजे, वेरूळ आठवते. ती लेणी. माणसाने छिन्नीने कोरलेली, आणि तीही बेसॉल्टमध्ये. महाराष्ट्राचा चार-पंचमांश भाग या काळ्या कातळाने व्यापला आहे. त्याची झीज होते, पण पाण्यात विरघळून त्यात किलोमीटरभर बोगदे पडत नाहीत. ते चुनखडकात पडतात. हा खडक आपल्याकडे मुख्यतः चंद्रपूर-यवतमाळच्या पट्ट्यात आहे आणि तो सिमेंटच्या भट्ट्यांकडे जातो. त्यामुळे चुनखडीची मोठी गुहा पाहायची तर राज्याबाहेर जावे लागते. बस्तरमधली कुटुमसर, अराकूच्या वाटेवरची बोर्रा, मेघालयातल्या लांबच लांब गुहा आणि आंध्रच्या नंद्याल जिल्ह्यातली बेलम. महाराष्ट्रातून रेल्वेने जायला बेलमच सगळ्यात सोयीची, म्हणून तिच्याबद्दलच सविस्तर लिहितो.

रॉबर्ट ब्रूस फूट या ब्रिटिश भूवैज्ञानिकाने १८८४ मध्ये बेलमची नोंद केली. पुढे जवळजवळ शंभर वर्षे तिच्याकडे कोणी फारसे फिरकले नाही. १९८२ आणि १९८३ मध्ये डॅनियल गेबाउर यांच्या जर्मन पथकाने आत शिरून तिची मोजणी केली. २००२ मध्ये आंध्रच्या पर्यटन महामंडळाने ती लोकांसाठी उघडली. मोजलेली एकूण लांबी ३,२२९ मीटर. त्यातला साधारण दीड किलोमीटर भाग पर्यटकांसाठी आहे. प्रवेशद्वारापासून सर्वांत खोल जागा ४६ मीटर खाली. भोवती डोंगर नाही, सपाट माळ आहे. जमिनीत विहिरीसारखी तीन भगदाडे दिसतात, त्यातल्या मधल्या भगदाडातून जिना खाली उतरतो. डोंगरातल्या लेण्याची सवय असलेला माणूस इथे पहिल्यांदा चक्रावतो. गुहा समोर नाही, पायाखाली आहे.

ही गुहा ज्या खडकात आहे तो बहुतेक मराठी घरांत येऊन बसलेला आहे. ओट्याचा काळा कडप्पा म्हणजे नारजी चुनखडक, आणि बेलमच्या आसपास त्याच्याच खाणी आहेत. कडप्प्यावर लिंबू कापून ठेवले आणि पुसायचे राहिले की सकाळी तिथे पांढुरका, खरखरीत डाग दिसतो. घासून तो जात नाही, कारण तो दगडावर पडलेला डाग नव्हे. आम्लाने दगडाचा पातळ पापुद्रा विरघळवलेला असतो. बेलममध्ये हेच काम पावसाच्या पाण्याने केले. पावसाचे पाणी हवेतून थोडा आणि मातीतून बराच कार्बन डायऑक्साइड घेते. मुळांच्या आणि जंतूंच्या श्वसनामुळे मातीतल्या हवेत तो बाहेरच्यापेक्षा कित्येक पटींनी जास्त असतो. असे सौम्य आम्ल झालेले पाणी खडकाच्या भेगांत उतरते आणि भेगा रुंदावत नेते. लिंबाला एक रात्र पुरते, इथे लक्षावधी वर्षे लागतात, एवढाच फरक.

आता आत काय बघायचे ते. पहिली गोष्ट म्हणजे वाटांचा आकार. बेलमच्या बऱ्याच वाटा सरळ जातात आणि मग एकदम कोनात वळतात, कारण पाणी खडकातल्या जुन्या भेगांना धरून गेले. जिथे दोन भेगा एकमेकींना छेदतात तिथे दालन मोठे होते. भिंतीकडे पाहिले तर आडवे थर दिसतात, काही पुढे आलेले, काही आत गेलेले. ज्या थरात चुना जास्त तो जास्त विरघळला. ज्यात चिकणमाती किंवा वाळूचा अंश जास्त, तो कंगोऱ्यासारखा मागे राहिला. या थरांवर नुसती नजर फिरवली तरी पन्नास कोटी वर्षांहून जुन्या समुद्राच्या तळाची पाने दिसतात. आपल्या सह्याद्रीचा कातळ साडेसहा कोटींच्या आसपासचा, म्हणजे त्यामानाने कालपरवाचा.

मग मान वर करा. बहुतेक लोक खाली पाय बघत चालतात आणि छत राहून जाते. छतात गुळगुळीत घुमटाकार खळगे आणि अर्धगोल पन्हळी दिसतात. वरून गळणारे पाणी असे खळगे पाडत नाही. कधीकाळी ही सारी वाट छतापर्यंत पाण्याने भरलेली होती आणि पाणी चारही बाजूंनी खडक खात होते, याचा तो पुरावा. नंतर भूजलाची पातळी खाली गेली, वाटांत हवा आली आणि मगच लवणस्तंभ, म्हणजे छताला लोंबणारे किंवा जमिनीवरून वाढणारे चुन्याचे खांब, तयार व्हायला सुरुवात झाली. म्हणजे गुहेचे आयुष्य दोन टप्प्यांचे, आधी विरघळणे, मग साचणे. बेलम प्रामुख्याने पहिल्या टप्प्यासाठी पाहायची. तिथे लवणस्तंभांची दाट गर्दी शोधणारा थोडा हिरमुसतो, आणि ती चूक बेलमची नाही.

साचण्याबद्दल एक गैरसमज शाळेपासून चालत आला आहे. पाणी वाळते आणि चुना मागे राहतो, असे सांगितले जाते. गुहेच्या तोंडाशी थोडेफार तसे होते. आतल्या भागात हवा बाष्पाने इतकी भरलेली असते की पाणी जवळजवळ वाळतच नाही. खरे कारण वेगळे आहे. मातीतून आलेल्या थेंबात कार्बन डायऑक्साइड भरपूर, गुहेतल्या हवेत त्यामानाने कमी. थेंब छताला लोंबू लागला की तो वायू बाहेर पडतो, पाण्याची चुना धरून ठेवण्याची ताकद घटते आणि कॅल्साइटचे, म्हणजे चुनखडक ज्याचा बनतो त्या खनिजाचे, कण थेंबाच्या कडेने जमतात. छताला त्याचे नखाएवढे वर्तुळ उमटते. पुढचा थेंब त्याच वर्तुळाखाली, मग त्याच्या पुढचा. अशी एक पोकळ नळी खाली वाढते. जाडी पाचेक मिलिमीटर, सरबताच्या नळीएवढी, कारण तिची रुंदी लोंबणाऱ्या थेंबाच्या रुंदीवर ठरते. भिंत इतकी पातळ की मागून विजेरी धरली तर उजेड आरपार येतो. टोकाला थेंब लटकत असेल तर नळी जिवंत समजायची. ही नळी कचऱ्याने किंवा कॅल्साइटनेच आतून बुजली की पाणी बाहेरून ओघळू लागते आणि ती गाजरासारखी जाड होत जाते. तो अधोमुखी लवणस्तंभ. तुटलेल्या स्तंभाच्या छेदात मधोमध जे भोक दिसते, ती त्याची मूळ नळी. जमिनीवरून वर वाढणाऱ्या ऊर्ध्वमुखी स्तंभात असे भोक कधीच नसते. त्याचा माथा गोलसर असतो. छत उंच असेल तर थेंब जोरात आपटून उडतो आणि माथा चपटा, पसरट होतो. छत तिरके असेल तर थेंब एका रेषेत ओघळतो आणि पडद्यासारखी पातळ पट्टी लोंबते.

वाढीचा वेग गुहेगणिक बदलतो. ढोबळमानाने वर्षाला मिलिमीटरचा दहावा भाग धरायला हरकत नाही. पोकळ नळ्या याहून भराभर वाढतात, जाड स्तंभ याहूनही सावकाश. या हिशेबाने वीतभर स्तंभाला दोन हजार वर्षे झाली. सातवाहनांचा नाणेघाटातला लेख कोरला जात होता त्या सुमारास त्याचा पहिला थेंब लोंबला असावा.

आता हात लावण्याविषयी. गुहेत शिरलेल्या दहा माणसांतल्या नवांचा हात भिंतीकडे जातोच. त्याने काय होते? तळहाताचा तेलकट थर ओल्या कॅल्साइटवर बसतो, पाणी तिथे सारखे पसरत नाही, नवा थर नीट धरत नाही, आणि धूळ मात्र चिकटते. शेकडो हात लागले की पांढरी जागा काळी, तुकतुकीत होते. ती पुन्हा पूर्ववत होत नाही. गुहेत गेलात तर एवढे करून पाहा, हात पोचतो त्या उंचीवरची टोके आणि हात न पोचणाऱ्या उंचीवरची टोके यांची तुलना करा. वेगळे काही सांगावे लागणार नाही.

बेलममध्ये ‘सप्तस्वराल गुहा’ नावाचे दालन आहे. तिथले खडकाचे आकार लाकडी काठीने किंवा बोटाच्या पेराने ठोकले की धातूसारखा नाद निघतो. गंमत खरी आहे, कारण घट्ट स्फटिकांची पातळ लांब पट्टी कंप पावते. पण प्रत्येक जण ‘मी पण, मी पण’ करत ठोकू लागला की पृष्ठभागाचे बारीक टवके उडतात आणि आत सूक्ष्म तडे जातात. तडे गेलेल्या पट्टीचा नाद बद्द होतो, म्हणजे ज्यासाठी ठोकायचे तेच संपते. सहलीच्या प्रमुखाने एवढे करावे, सगळ्यांना शांत उभे करून एकानेच, एकदाच, पेराने हलके वाजवावे आणि बाकीच्यांनी ऐकावे. मुळीच वाजवले नाही तर उत्तम. ‘कोटिलिंगालु’ दालनातही हेच. तिथे शिवलिंगांसारखे दिसणारे असंख्य स्तंभ आहेत आणि भाविक नमस्कारासाठी हात टेकतात. श्रद्धेबद्दल तक्रार नाही, पण नमस्कार दुरूनही होतो. आपण लेणी पाहत वाढलेली माणसे, खडकात मूर्ती शोधण्याची डोळ्यांना सवय. वाटाड्याही तेच दाखवतो, हा सिंह, हे वडाचे झाड, ही हजार फण्यांची छत्री. पारंब्यांसारखे दिसणारे ते ‘ऊडलमर्री’ दालन खरोखर देखणे आहे. पण आकार ओळखून लगेच पुढे सरकण्यापेक्षा, पाणी इथे कुठून आले आणि कुठे गेले, हे एका दालनात तरी थांबून पाहावे.

पाण्याचे उत्तर शेवटी ‘पाताळगंगे’पाशी मिळते. गुहेच्या सर्वांत खोल भागातला हा बारमाही झरा. आग्नेयेकडून वायव्येकडे वाहतो आणि खडकात नाहीसा होतो. तिथपर्यंतचा उतार ओला आणि निसरडा. गुडघ्यांचा त्रास असणाऱ्यांनी उतरण्याआधी परत चढायचे आहे याचा विचार करावा.

गुहा म्हणजे थंडगार, असे समजून लोक बेलमला जातात आणि दहा मिनिटांत घामाने निथळतात. गुहेच्या आतले तापमान साधारणपणे त्या गावाच्या वर्षभराच्या सरासरी तापमानाइतके असते. युरोपातल्या गुहा म्हणून गार. बेलम ज्या भागात आहे त्या रायलसीमेत सरासरीच चढी, त्यात आर्द्रता इतकी की घाम वाळत नाही आणि अंग निवत नाही. दुसरी बाब हवेची. बाहेरच्या हवेत कार्बन डायऑक्साइड ०.०४ टक्के, आपल्या उच्छ्वासात सुमारे ४ टक्के, म्हणजे शंभर पट. बंद बोळात मोठा जथा अर्धा तास रेंगाळला की तो वाढतो. डोके जड होते, धाप लागते आणि लोक म्हणतात ऑक्सिजन संपला. ऑक्सिजन संपलेला नसतो, पण त्रास खरा असतो. बेलममध्ये बाहेरची हवा आत सोडण्याची सोय केलेली आहे. जीव घाबरा झाला तर त्या झोताजवळ जाऊन उभे राहावे, पुढे रेटू नये. दमा, हृदयविकार, अनियंत्रित रक्तदाब असलेल्यांनी पहिल्या मोठ्या दालनापर्यंत जाऊन परतले तरी गुहेचा बराच अंदाज येतो. बंद जागेची भीती असणाऱ्यांना आधी स्पष्ट सांगावे की काही ठिकाणी वाकून जावे लागते.

या सगळ्यावरून तयारी आपोआप ठरते. सुती, सैल कपडे. रबरी तळव्याचे, पकड असलेले बूट. चप्पल आणि गुळगुळीत सँडल नकोत. प्रत्येकी पाण्याची बाटली, खाणे मात्र नको, कारण सांडलेल्या चिवड्याच्या चार कणांवर बुरशी आणि किडे जगतात. मोबाइलच्या दिव्यावर विसंबू नये. गुहेत वीज गेली तर डोळ्यांना काही म्हणजे काहीच दिसत नाही. दोघांत एक चांगली विजेरी असावी, आणि वीज गेल्यास जागच्या जागी थांबावे. कॅमेरावाल्यांनी एक लक्षात ठेवावे. वातानुकूलित गाडीतून थेट आत गेले की थंड भिंगावर दमट हवेचे दव बसते आणि पुसले तरी पुन्हा बसते. कॅमेरा बंद पिशवीत ठेवून पंधरा-वीस मिनिटे बाहेरच्या उष्णतेत राहू द्यावा, मग उघडावा. चष्म्याचेही तेच. वेळ सकाळी उघडल्या उघडल्याची, महिने नोव्हेंबर ते फेब्रुवारी, आणि आत किमान दोन तास. सहल कंपन्यांना विनंती की कार्यक्रमपत्रिकेत हे दोन तास छापावेत. गंडीकोट्याची पेन्ना नदीची घळ त्याच दिवशी दाखवायची घाई असते म्हणून बेलमला कात्री लागते, हे कळते. पण गंडीकोटा संध्याकाळी चांगला दिसतो आणि गाडीने दीड-दोन तासांवर आहे. सकाळ बेलमला देता येते.

दिव्यांबद्दल दोन शब्द, कारण पुरवणीतली छायाचित्रे त्यांचीच होती. खडकाचे स्वतःचे रंग असतात. शुद्ध कॅल्साइट पांढरे, लोहाने पिवळे-तांबूस, मँगनीजने काळसर. लाल-निळ्या झोतात हे सगळे बुडते. त्याहून वाईट म्हणजे दिव्याभोवती उगवणारी हिरवळ. पर्यटकांच्या बुटांवरून, कपड्यांवरून शेवाळाचे बीजाणू आत येतात. ओल असतेच, उजेड आपण देतो. ते शेवाळ नुसते कुरूप दिसत नाही, त्याच्या आम्लाने खाली कॅल्साइट झिजते आणि खरवडून काढायला गेले तर वरचा थर सोबत येतो. यावर उपाय जगभर वापरात आहेत. दिवे खडकापासून दूर, मंद, उष्णता न देणारे, आणि माणसे आल्यावरच लागणारे. फ्रान्समधली लास्को ही चित्रांची गुहा पर्यटकांच्या श्वासाने आणि शेवाळाने बिघडू लागली म्हणून १९६३ मध्ये लोकांसाठी बंदच करावी लागली. आपल्याकडच्या गुहांवर ती वेळ येण्याआधी बटणे बदलणे स्वस्त पडेल.

लवणस्तंभच पाहायचे असतील तर विशाखापट्टणमहून अराकूच्या वाटेवर बोर्राला जावे. प्रचंड दालन, वटवाघळे, आत टपकते पाणी, बाहेर माकडे. माकडांसमोर खाऊची पिशवी उघडू नये. वटवाघळांच्या विष्ठेची धूळ उडेल अशा कोपऱ्यात मुलांना खेळू देऊ नये. त्या धुळीतली बुरशी फुप्फुसाला बाधू शकते. बोर्राबद्दल जवळपास प्रत्येक लेखात एक वाक्य असते, की १८०७ मध्ये भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेच्या विल्यम किंग जॉर्ज यांनी ही गुहा शोधली. ही संस्था स्थापन झाली १८५१ मध्ये. आपल्या पुरवणीतही हे वाक्य होते, पुढच्या वेळी गाळावे. कुटुमसर कांगेर खोऱ्याच्या राष्ट्रीय उद्यानात, जगदलपूरजवळ. पावसाळ्यात आत पाणी शिरते म्हणून ती बंद असते, आणि जून ते ऑक्टोबरात तिचा बेत आखू नये. तिथल्या डबक्यांत डोळे जवळपास मिटलेला, रंग उडालेला एक छोटा मासा राहतो. त्याला ज्या जातीत धरतात, तिचे पहिले शास्त्रीय वर्णन फ्रान्सिस डे यांनी १८७२ मध्ये केले, ते पुण्याच्या नमुन्यांवरून. पुणेकरांनी तेवढ्यासाठी जाऊन यायला हरकत नाही, पण पाण्यात विजेरी रोखून त्याला पळवू नये.

बेलमला पोचायचे कसे, हे आपल्या लेखात नेमके राहिले होते. जवळचे सोयीचे स्टेशन ताडिपत्री, मुंबई-चेन्नई मार्गावर गुंतकलच्या पुढे. पुणे-सोलापूरकडून तिरुपतीला जाणाऱ्या कित्येक गाड्या याच रुळांवरून जातात. प्रत्येक गाडी ताडिपत्रीला थांबत नाही, म्हणून आरक्षणाआधी थांबा पाहावा. नसल्यास गुंतकलला उतरून पुढची गाडी किंवा बस धरावी. ताडिपत्रीहून बेलम तीसेक किलोमीटर. बस आहेत, पण परतीची वेळ आधी विचारून घ्यावी, चौघे-पाच जण असतील तर गाडी ठरवणे बरे. वाटेत दोन्ही बाजूंना फरशीच्या खाणी आणि कापलेल्या कडप्प्याच्या थप्प्या दिसतात. बालाजीच्या दर्शनाला निघालेल्यांनी जाताना नव्हे, येताना उतरावे. जाताना दर्शनाची वेळ चुकण्याची धास्ती मनात राहते आणि गुहा पुन्हा पाऊण तासातच उरकली जाते. मुक्काम ताडिपत्रीत केला तर सकाळच्या पहिल्या गटात आत जाता येते, आणि संध्याकाळी गावातली बुग्गा रामलिंगेश्वर आणि चिंतला वेंकटरमण ही विजयनगर काळातली देवळेही पाहून होतात. दगडात मूर्ती शोधण्याची हौस तिथे मनसोक्त भागते.

आपला,
भूशास्त्राचा एक निवृत्त शिक्षक,
सोलापूर